ब्लास्टिंग पॉट बसवताना हवेचा हिशेब

नाशिकच्या अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत फॅब्रिकेशन आणि कोटिंगची कामे करणाऱ्या ओळखीच्या मंडळींपैकी कोणी प्रेशर ब्लास्टिंग पॉट (धातूवरचा गंज आणि जुना रंग काढण्यासाठी दाबाच्या हवेने टणक कणांचा, म्हणजे ग्रिटचा, मारा करणाऱ्या यंत्राची टाकी) घ्यायचे मनावर घेतले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पॉट किती लिटरचा घ्यावा? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. पॉटच्या आकारावरून फार तर एकदा भरल्यावर किती वेळ सलग काम चालेल, एवढेच ठरते. काम कसे उतरेल आणि ते करणारा माणूस धडधाकट राहील की नाही, हे मात्र हवेवर ठरते. ग्रिट ढकलणाऱ्या हवेवर, आणि त्याहून अधिक, हेल्मेटच्या आत ब्लास्टर (झोत मारणारा कामगार) जी हवा श्वासात घेतो तिच्यावर.

सक्शन गनमध्ये हवेच्या झोताने ग्रिट नळीतून ओढले जाते आणि टाकीत दाब नसतो. प्रेशर पॉटमध्ये हवा सोडली की तोंडाशी असलेला पॉप-अप व्हॉल्व्ह उचलला जाऊन तोंड बंद करतो, आतला दाब वर आणि खाली सारखा होतो, आणि ग्रिट स्वतःच्या वजनाने खालच्या, ग्रिटचे प्रमाण ठरवणाऱ्या मीटरिंग व्हॉल्व्हमधून हवेच्या प्रवाहात उतरते. ते पूर्ण दाबाखालीच नोझलपर्यंत, म्हणजे झोत बाहेर पडतो त्या टोकापर्यंत, जात असल्याने त्याचा मारा कितीतरी जोरकस होतो. मात्र त्यामुळे आपल्या शेडमध्ये एक दाबपात्र उभे राहते, याचे भान ठेवावे लागते. ७ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ७ किलोचा भार. पॉटच्या बाजूला असलेले हॅण्डहोलचे (हात घालून आतली सफाई करण्याच्या भोकाचे) झाकण १५ सेंटिमीटर व्यासाचे धरले, तरी त्यावर आतून बाराशे किलोंहून अधिक जोर असतो.

नाशिकमध्ये वेल्डिंग येणाऱ्या हातांची वाण नाही, आणि म्हणूनच हवा साठवण्याच्या जुन्या रिसिव्हर टाकीला किंवा गॅसच्या सिलिंडरला खाली शंकू जोडून पॉट तयार करण्याचा मोह अनेकांना होतो. तो कटाक्षाने टाळावा. घेताना पॉटवर कमाल कार्यदाब कोरलेली पाटी असावी, सोबत हायड्रो टेस्टचा दाखला असावा, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्या पाटीवरच्या दाबाच्या आत उघडणारा असावा. चाचणी पाण्यानेच करतात, कारण पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे पात्र फुटलेच तरी दाब क्षणात ओसरतो. हवेने तीच चाचणी करणे म्हणजे फुटल्यास स्फोटाला आमंत्रण. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम ३१ मध्ये दाबाखालील यंत्रसामग्रीचा स्वतंत्र विचार केला, तो उगाच नव्हे. वापरातल्या पॉटचा खालचा शंकू आतून घासला जातो आणि पावसाळ्यात गंजतोही, म्हणून सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घेताना पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने मोजून घ्यावी. पॉटला चाके किंवा हुक लावण्यासाठी स्वतः वेल्डिंगचा टाका मारणे हेही पात्राला धक्का लावणेच आहे.

आता नोझल. सगळा हिशेब इथून सुरू करावा आणि मागे कॉम्प्रेसरपर्यंत न्यावा. १०० पीएसआय, म्हणजे सुमारे ७ बार दाबाला ५ मिलिमीटरच्या आसपासचे नोझल साधारण ४५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा खाते, सव्वासहा मिलिमीटरचे सुमारे ८० आणि ८ मिलिमीटरचे सुमारे १३७. नोझलचे भोक थोडेसेच मोठे दिसते, पण हवा व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि इथेच बहुतेकांचे गणित फसते. स्क्रू कॉम्प्रेसर एका अश्वशक्तीमागे ढोबळमानाने ४ सीएफएम देतो असे धरले, तर सव्वासहाच्या नोझलला २० अश्वशक्तीही काठावरची ठरते; शेडमध्ये आधीपासून असलेल्या ५ अश्वशक्तीच्या पिस्टन कॉम्प्रेसरवर ते मिनिटभर फुसफुसेल आणि मग गेजचा काटा खाली बसेल. जाणकारांचा ठोकताळा असा, की नोझलवरचा दाब १ पीएसआयने घटला तर कामाचा वेग सुमारे दीड टक्क्याने घटतो. म्हणून ऐपत लहान असेल तर लहान नोझल घ्यावे आणि कामाला जास्त वेळ लागेल हे ग्राहकाला आधीच सांगावे. मोठे नोझल लावून कमी दाबाने ग्रिट सांडत बसण्यात काहीच हशील नाही. नोझल झिजतेही, आणि झिजले की तेच हवेचा फडशा पाडू लागते. मूळ मापापेक्षा दीड मिलिमीटर वाढले की बदलावे. यासाठी महागडे उपकरण लागत नाही. मूळ मापापेक्षा दीड मिलिमीटर मोठ्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा भोकात घालून पाहावा, तो सहज गेला तर नोझल निकाली काढावे.

होज, म्हणजे पॉटपासून नोझलपर्यंतचा पाइप, हा ब्लास्टिंगसाठीचाच, स्थिर वीज वाहून नेणारा असावा. साधा हवेचा किंवा पाण्याचा पाइप इथे चालत नाही. ग्रिट घासत गेल्याने होजमध्ये स्थिर वीज साठते आणि ब्लास्टरला असा झटका बसू शकतो की दचकून त्याच्या हातून नोझल निसटेल, म्हणून पॉट आणि जॉब (ज्यावर मारा करायचा ती वस्तू) दोन्हींना अर्थिंग द्यावे. होजचा आतला व्यास नोझलच्या तिप्पट ते चौपट ठेवावा. कपलिंग बसवताना होज काटकोनात कापावा, त्याचे टोक गॅस्केटला सपाट टेकावे, आणि पकडीचे स्क्रू आतल्या रबराच्या अस्तरापार जाऊ नयेत, कारण तसे झाले तर पुढच्या गळतीची वाट आपणच करून दिलेली असते. प्रत्येक जोडाला सेफ्टी पिन आणि त्यावरून तारेचा सेफ्टी दोर हवाच. रोज सकाळी, दाब देण्याआधी, होजवरून हात फिरवत जावे आणि वळणांवर अंगठ्याने दाबून पाहावे. एखादी जागा इतर भागापेक्षा मऊ लागली, तर आतले अस्तर तिथे झिजले आहे असे समजावे. त्यावर चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही.

डेडमॅन हँडलबद्दल मी कोणाशीही तडजोड करायला तयार नाही. ते दाबून धरले तरच हवा सुरू राहते आणि सोडले की प्रवाह थांबतो, एवढे साधे त्याचे काम आहे. पाय घसरला, हेल्मेटमधली हवा बंद पडली, होज सुटला, तर ब्लास्टरला विचार करायला वेळ मिळो वा न मिळो, हात सैल होताच झोत बंद व्हायला हवा. एका शेडमध्ये या हँडलवर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधलेली पाहिली. कारण विचारले तर दिवसभर दाबून बोटे भरून येतात, असे उत्तर मिळाले. बोटे भरून येतात हे खरेच आहे, पण त्यावर उपाय म्हणजे माणसांची पाळी बदलणे किंवा हलक्या स्प्रिंगचे हँडल घेणे. सोडलेले नोझल ७ बारच्या दाबाखाली जमिनीवर कसे थैमान घालते, हे पाहण्याची वेळ कोणावर येऊ नये.

श्वासाच्या हवेकडे मात्र आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. तोंडाला रुमाल बांधणे किंवा कापडी मास्क लावणे हा इथे बचाव नव्हेच. ब्लास्टरला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारे, मानेपर्यंत झाकणारे ब्लास्टिंग हेल्मेट लागते, आणि त्याची हवा स्वतंत्र फिल्टरमधून यावी लागते. तेल घातलेला कॉम्प्रेसर तापला तर त्या हवेत कार्बन मोनॉक्साइड मिसळू शकतो, ज्याला ना वास ना रंग. म्हणून श्वासाच्या लाइनवर त्याचा अलार्म बसवावा आणि त्याचे प्रमाण १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १० भागांच्या) वर गेल्यास काम थांबवावे. कॉम्प्रेसरची हवा ओढण्याची जागा जनरेटरच्या धुराड्यापासून आणि ट्रक उभे राहतात त्या फाटकापासून दूर असावी, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

आणि वाळू वापरू नये. नदीची चाळलेली वाळू स्वस्त मिळते म्हणून ती पॉटमध्ये भरणारे आजही आहेत. वाळूचा कण पोलादावर आदळून फुटतो तेव्हा स्फटिकी सिलिकाची डोळ्यांना न दिसणारी धूळ होते, ती फुप्फुसात खोलवर जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही, आणि तो झालेल्या माणसाला क्षयाचा धोकाही वाढतो. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी कास्टिंग साफ करण्यासाठी वाळूचा असा वापर थांबवला, कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९७४ मध्ये तशीच बंदी सुचवली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाला कर्करोगकारक ठरवले. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीतही, म्हणजे सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत, सिलिकोसिसची नोंद होती. गार्नेट, स्टील ग्रिट, अॅल्युमिनियम ऑक्साइड असे पर्याय बाजारात आहेत. कॉपर स्लॅग स्वस्त पडते, तथापि तिच्यात जड धातूंचे अंश असू शकतात, त्यामुळे हेल्मेट तिथेही सुटत नाही. वायनरीच्या टाक्यांसारखे स्टेनलेसचे काम नाशिकमध्ये बरेच असते. त्यावर स्टील ग्रिट मारल्यास लोखंडाचे कण रुतून बसतात आणि काही दिवसांत पृष्ठभागावर तांबूस ठिपके उमटतात, म्हणून तिथे ग्लास बीड किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइडच घ्यावे.

पावसाळ्यात हवेतल्या ओलीने ग्रिटचे गोळे होतात आणि मीटरिंग व्हॉल्व्ह चोक होतो. कॉम्प्रेसरनंतर हवा थंड करणारा आफ्टरकूलर आणि पॉटच्या अगदी आधी हवेतले पाणी वेगळे करणारा मॉइश्चर सेपरेटर बसवावा, आणि त्याचे ड्रेन काम सुरू असताना किंचित उघडे ठेवावे. ब्लास्ट केलेल्या पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असेल तरच प्रायमर मारावा. ही अट श्रावणातल्या सकाळी फार वेळा मोडली जाते.

चोक झाल्यावर जे केले जाते, त्यातच अपघात अधिक दडलेले असतात. नोझल हातात धरून त्यात तार खुपसणे, होज आपटणे, हॅण्डहोलचा नट थोडासा सैल करून पाहणे, यांतले काहीही पॉटमध्ये दाब असताना करू नये. आधी मुख्य हवा बंद करावी, मग पॉटमधला दाब सोडणारा ब्लो-डाउन व्हॉल्व्ह पूर्ण उघडावा, पॉप-अप खाली पडल्याचा टक असा आवाज कानांनी ऐकावा, गेज शून्यावर आलेले डोळ्यांनी पाहावे, आणि त्यानंतरही झाकणासमोर न उभे राहता बाजूने पाना लावावा. गेजचा काटा अडकून शून्यावर राहू शकतो, म्हणून आवाजाची खूण सोडू नये. ब्लास्टरला हेल्मेटमध्ये काही ऐकू येत नाही आणि झोताचा आवाज ११० डेसिबलच्या वर जातो, तेव्हा पॉटजवळ उभ्या असलेल्या हेल्परला ब्लास्टर सतत दिसेल अशी जागा द्यावी आणि त्याच्या कानांवरही इयरमफ असावेत.

काम आटोपल्यावर पॉट रिकामा करून ठेवावा, नाहीतर सकाळी ओलसर थर शंकूत घट्ट बसलेला सापडतो. हेल्मेट बूथच्या, म्हणजे ब्लास्टिंगच्या बंदिस्त खोलीच्या, आत काढू नये. धूळ बराच वेळ तरंगत राहते, आणि सफाईला आत जाणाऱ्या हेल्परलाही तोवर श्वसनसंरक्षण लागते. अंगावरची धूळ हवेच्या नळीने उडवण्याऐवजी व्हॅक्यूमने ओढून घ्यावी आणि कामाचे कपडे शेडमध्येच धुण्याची सोय करावी, म्हणजे ती धूळ मुलाबाळांपर्यंत पोहोचत नाही. जुन्या पुलाचा किंवा टाकीचा रंग काढला असेल तर त्यात शिसे असण्याची शक्यता धरून आधी नमुना तपासून घ्यावा, आणि वापरलेले ग्रिट शेडमागच्या नाल्यात न टाकता झाकणाच्या पिंपात भरून धोकादायक कचरा नेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावे.