करोवा: मरे नदीकाठी जुळलेला देश

ऑस्ट्रेलियातल्या ऑल्बरी स्टेशनचा फलाट सुमारे 455 मीटर लांब आहे. मेलबर्नहून साडेतीन तासांनी उतरले, तेव्हा आजूबाजूला मोजकीच माणसं होती. एवढी लांबी लागली, कारण 1883 पासून इथे, सीमेवर, दोन ब्रिटिश वसाहतींच्या गाड्या येऊन थांबायच्या. व्हिक्टोरियाची गाडी 1600 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून यायची, न्यू साउथ वेल्सची 1435 मिलिमीटरच्या. माणसं, टपाल, सामान, सगळं उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायचं. मिरजेत तिन्ही गेजच्या गाड्या पाहिलेल्या पिढीला हे समजावून सांगावं लागणार नाही. इथे त्यात जकातीची भर होती. एकाच राणीच्या राज्यात, एकच भाषा बोलणाऱ्यांच्या पेट्या कस्टमवाले उघडून बघत. जकात गेली 1901 मध्ये; सिडनी-मेलबर्न सलग रूळ मात्र 1962 मध्ये झाले.

वेगवेगळ्या वसाहतींचा ऑस्ट्रेलिया एक कसा झाला हे सांगताना सगळे न्यू साउथ वेल्सचे पुढारी हेन्री पार्क्स यांच्यापासून सुरुवात करतात. त्यांनी 1889 मध्ये टेंटरफील्ड गावी वसाहतींनी एक व्हावं असं गाजलेलं भाषण केलं आणि 1891 मध्ये सिडनीत पुढाऱ्यांनी राज्यघटनेचा मसुदाही तयार केला. पुढे तो वसाहतींच्या विधिमंडळांत अडकून पडला. त्याला जीव मिळाला तो सीमेवरच्या गावांतून, म्हणून मला करोवाला जायचं होतं.

ऑल्बरीपासून गाडीने तासाभरात करोवा येतं. गाव न्यू साउथ वेल्समध्ये. जुना पूल ओलांडला की समोर व्हिक्टोरियातलं वागुन्या. मी तो पूल चालत ओलांडला, पाच मिनिटंही लागली नाहीत. इथून मेलबर्न सुमारे तीनशे किलोमीटर, सिडनी जवळपास दुप्पट. साहजिकच गावाचा सगळा व्यवहार मेलबर्नशी. पण व्हिक्टोरियाने आपल्या कारखान्यांना आणि शेतीला संरक्षण म्हणून आयातीवर कर बसवलेला, तर न्यू साउथ वेल्स खुल्या व्यापाराच्या बाजूचं. नदीपलीकडे माल न्यायचा तर आधी जकात भरायची. पुलाखालून वाहणाऱ्या मरेकडे बघताना त्या शेतकऱ्यांची चीड मला अगदी जवळची वाटली.

1893 मध्ये बँका बुडत होत्या, मंदीने माणसं हैराण झाली होती. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस सीमाभागातल्या संघटनांनी करोवात परिषद भरवली. नुसते ठराव पुरे झाले, अशी कुरकूर सुरू झाली, तेव्हा बेंडिगोचे वकील जॉन क्विक यांनी एक ठराव मांडला: प्रत्येक वसाहतीने कायदा करून लोकांकडूनच प्रतिनिधी निवडून घ्यावेत, त्यांनी घटना लिहावी आणि ती मंजुरीसाठी पुन्हा लोकांपुढे ठेवावी. माझ्या मते ऑस्ट्रेलियाच्या घडणीतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. पुढाऱ्यांच्या हातातला कागद लोकांच्या हातात आला.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. घटना लिहिणारे प्रतिनिधी निवडण्यासाठी झालेल्या 1897च्या निवडणुकीत साउथ ऑस्ट्रेलियातून कॅथरीन हेलन स्पेन्स उभ्या राहिल्या. त्या हरल्या, पण एक बाई देशाची घटना लिहायला निघाली होती, हे वाचून मी थबकलेच. 1898 मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये घटनेच्या मसुद्यावर मतदान झालं तेव्हा 71,595 मतं बाजूने आणि 66,228 विरोधात पडली, तरी किमान 80,000 होकारांची अट असल्यामुळे प्रस्ताव पडला. मग घासाघीस झाली. राजधानी न्यू साउथ वेल्समध्येच, मात्र सिडनीपासून निदान शंभर मैल लांब, असं ठरलं आणि 1899 मध्ये होकार आला. कॅनबेराचा जन्म या तडजोडीतला. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया अगदी शेवटी, 1900च्या जुलैत तयार झालं. न्यूझीलंड आलंच नाही. 1 जानेवारी 1901 रोजी सिडनीच्या सेंटेनियल पार्कमध्ये सहा वसाहतींचा एक देश झाला आणि एडमंड बार्टन पहिले पंतप्रधान.

हे सगळं भारावून लिहितेय, पण दुसरी बाजू लिहिल्याशिवाय थांबता येणार नाही. त्याच वर्षी नव्या संसदेने स्थलांतरावर निर्बंध घालणारा कायदा केला. अधिकारी सांगेल त्या युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचं श्रुतलेखन लिहिता आलं नाही, तर प्रवेश नाही. माझ्यासारखीला तेव्हा बंदरावरूनच परत पाठवलं असतं. आणि ऑल्बरी ही ज्या विराजुरी लोकांची भूमी, त्यांना तर घटनेच्या 127व्या कलमाने देशाच्या लोकसंख्येत धरायचंच नाही असं ठरवलं होतं.

ते कलम 1967 मध्ये गेलं, तेही सार्वमताने; नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला. घटना बदलायची तर लोकांना विचारायचं, ही करोवातली कल्पना घटनेतच उतरली होती. 2023 मध्ये आदिवासींना संसदेपुढे स्वतःचं म्हणणं मांडणारं मंडळ द्यावं का, हेही तसंच लोकांना विचारलं गेलं. सुमारे साठ टक्के लोक नाही म्हणाले. सहाही राज्यांत नकार आला. त्या निकालाचं वाईट मला अजून वाटतं.