केराचा आठवडा

पाटी लाकडी आहे, तळहाताएवढी. वर भोक, भोकात सुतळी. त्यावर जुन्या वळणाच्या अक्षरांत एकच शब्द : केरवोख. स्टुटगार्टच्या या घरात राहायला आलो त्याच्या तिसऱ्या सोमवारी ती माझ्या दाराच्या मुठीला लटकलेली दिसली. मला वाटलं, नव्या भाडेकरूचं स्वागत असेल. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. मामांनी हात जोडले, दोन काकूंनी फुलं पाठवली.

शनिवारी संध्याकाळी तळमजल्यावरच्या आजी जिना चढून वर आल्या. वय ऐंशीच्या आसपास. आधी पाटीकडे बघितलं, मग जिन्याकडे, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "तुम्ही आजारी होतात का?" मी म्हटलं, नाही. "मग?" एवढंच. त्या 'मग'मध्ये सगळं होतं.

तर 'केरवोख' म्हणजे झाडण्याचा आठवडा. जर्मनमध्ये 'केरन' म्हणजे झाडणं आणि 'वोख' म्हणजे आठवडा. आपला 'केर' आणि त्यांचा 'केर' यांचं काही नातं आहे की निव्वळ योगायोग, हे भाषावाल्यांनी ठरवावं. मला एवढंच कळलं की आईनं जन्मभर जो शब्द ओरडून माझ्या कानी घातला, तो सात समुद्र ओलांडून दाराला टांगलेला सापडला. इथल्या बोलीत हातझाडूला 'केरविश' म्हणतात. आईला सांगितलं तर म्हणाली, "बघ, जगाला कळतंय. तुलाच कळत नव्हतं."

खरंच कळत नव्हतं. सांगलीच्या घरी केर-फरशीला मावशी यायच्या, त्या आल्या नाहीत तर आई. पुण्यात फ्लॅटवर आम्ही चौघं मित्र, तिथंही मावशी. सत्ताविसाव्या वर्षापर्यंत मी झाडू हातात घेतला असेल तो पाल हाकलायला.

इथं नियम असा : आमच्या इमारतीत सहा घरं. पाटी ज्याच्या दाराला, त्या आठवड्यात त्यानं आपल्या मजल्याचा जिना झाडायचा, ओल्या फडक्यानं पुसायचा, कठडा पुसायचा, खिडकीची कड पुसायची. ही झाली धाकटी केरवोख. थोरलीची पाळी वेगळी येते. तिच्यात तळघराची वाट, कचऱ्याच्या डब्यांची जागा, घरापुढचा फुटपाथ. थंडीत त्याच फुटपाथवरचा बर्फ सकाळी सातच्या आत फावड्यानं ओढायचा आणि वर बारीक खडी टाकायची. खडीची बादली तळघरात ठेवलेली असते. काम झालं की पाटी शेजारच्या दाराला. कुणी कुणाला काही सांगत नाही, पाटीच फिरते.

हे कुण्या खडूस सोसायटी सेक्रेटरीचं खूळ नाही. १४९२ साली, म्हणजे तिकडे कोलंबस जहाजं हाकत होता तेव्हा, स्टुटगार्टच्या नगर-कायद्यात लिहिलं गेलं की प्रत्येकानं आपली घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी. घरात संडास नसेल त्यानं ती रोज रात्री ओढ्यावर न्यावी, असंही त्यात आहे. पुढे १७१४ मध्ये गल्ल्या साफ ठेवण्याचा वेगळा हुकूम निघाला. १९८८ मध्ये महापौर मानफ्रेड रोमेल यांच्या काळात (हो, दुसऱ्या महायुद्धातल्या त्या वाळवंटातल्या जर्मन सेनापती रोमेलचेच चिरंजीव) शहरानं हा नियम आपल्या कायद्यातून काढून टाकला. पण तोवर तो लोकांच्या अंगात इतका मुरला होता की त्यांनी तो भाडेकरारात घालून टाकला. माझ्या करारात तो बाराव्या पानावर होता. मी सही करताना फक्त भाड्याचा आकडा वाचला होता.

पहिल्या खेपेला यूट्यूब बघून पुसलं. खालून वर पुसत गेलो आणि ओल्या पायऱ्यांवर वरच अडकलो. आजी खालून बघत होत्या. हसल्या नाहीत. "वरून खाली," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

भाषेचीही गंमत सांगतो. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात बी-वन, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत जर्मन शिकून, बऱ्यापैकी मार्क घेऊन आलो होतो. इथं उतरल्यावर पहिल्या दिवशी बेकरीवाली जे बोलली त्यातलं एक अक्षर कळलं नाही. ही श्वाबिश बोली. प्रत्येक गोष्टीला 'ले' लावून तिला लाडानं लहान करतात : घर म्हणजे 'हाउस', पण इथं 'हॉइस्ले'. आपण सोनं म्हणता म्हणता 'सोनुले' म्हणतो ना, तसंच. या राज्यानंच १९९९ मध्ये स्वतःची जाहिरात केली होती, 'आम्हाला सगळं येतं. फक्त प्रमाण जर्मन सोडून.' सांगलीहून पुण्याला गेल्यावर 'तुमच्याकडं असं बोलतात होय!' हे चार वर्षं ऐकून घेतलेल्या माणसाला ही जाहिरात किती जवळची वाटावी! तिकडे मी 'आलतो, गेलतो' लपवायचो. हे लोक पैसे खर्चून जगाला सांगतात.

जिन्यात कुणी भेटलं तर म्हणतात 'ग्र्यूस गॉट', म्हणजे देवाचं नाव घेऊन नमस्कार. आमच्याकडच्या 'रामराम'सारखं. शेजाऱ्याला 'झी' म्हणायचं की 'डू', याचा इंग्रजीवाल्यांना घाम फुटतो. आपल्याला 'तुम्ही' आणि 'तू' जन्मापासून येतं, त्यामुळे इथं कधी चुकलो नाही. आजींना अडीच वर्षं 'झी'च म्हणतोय आणि त्याही मला आडनावापुढे 'हेर' लावून अहो-जाहोच करतात. आडनाव मात्र दर वेळी नवीन असतं.

आता कामाचं. गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम, एका मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कंपनीत. इथल्या धातुउद्योगातल्या कामगार संघटनेनं १९८४ मध्ये संप करून आठवड्याला ३५ तासांची लढाई सुरू केली आणि १९९५ मध्ये ती पूर्ण जिंकली. आमच्या कंपनीला तो करार लागू आहे. पुण्यात मी सहाला बॅग उचलली की शेजारचा विचारायचा, "काय, हाफ डे?" इथं पहिल्या महिन्यात सातपर्यंत बसलो तर टीमप्रमुख येऊन काळजीनं म्हणाले, "काही अडलंय का? सांगा, काम वाटून घेऊ." कायद्यानं दिवसाला दहा तासांच्या वर काम करता येत नाही, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. मी मनात म्हटलं, माझ्या जुन्या मॅनेजरला हे ऐकवलं असतं तर तो चक्कर येऊन पडला असता.

दिवसाचं काम संपलं त्या वेळेला इथं नाव आहे : फायरआबेंड. निघताना 'शोनन फायरआबेंड' म्हणायचं, म्हणजे तुमची सुटल्यानंतरची संध्याकाळ छान जावो. या शब्दाला मराठीत काय म्हणावं यावर मी बराच डोकं लढवलं. गिरणीचा भोंगा असायचा तेव्हा असेल कदाचित एखादा शब्द. आयटीवाल्यांना त्याची गरजच पडली नसावी.

ऑफिसातल्या स्वयंपाकघरातही पाळीचा कागद आहे. त्यात आमच्या विभागप्रमुखांचं नाव असतं आणि ते आपल्या आठवड्यात कपबश्या धुण्याच्या यंत्रातून भांडी काढून कपाटात लावतात. त्यांना ते करताना पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी धावत जाऊन त्यांच्या हातातला कप घेतला. त्यांनी तो परत घेतला. "तुमची पाळी मे महिन्यात," म्हणाले.

पण लगेच 'बघा, परदेशात कसं सगळे समान' म्हणून व्हॉट्सअपवर पुढे ढकलू नका. कपबश्या साहेब लावतात, संडास साहेब धूत नाहीत. ते काम रोज संध्याकाळी बोस्नियाहून आलेल्या एक बाई करतात. मी उशिरा निघालो तर भेटतात. दोघांचंही जर्मन मोडकं, म्हणून आमचं छान जमतं. त्यांचं 'फायरआबेंड' रात्री दहाला. आणि हल्ली तर ३५ तासवाल्यांच्याही चेहऱ्यावर काळजी दिसते. आजूबाजूच्या गाडीवाल्या कंपन्यांत नोकरकपातीच्या बातम्या रोज असतात, जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसतो. व्हिसा नोकरीला बांधलेला असला की ती बातमी जरा वेगळी ऐकू येते. घरी हे सांगत नाही. घरी केराचं सांगतो.

आणि केराचं सांगितलं म्हणूनच तो घोळ झाला.

डिसेंबरातली गोष्ट. पाटी माझ्याकडे. शनिवारी पहाटेच मित्रांबरोबर स्ट्रासबुर्गचा नाताळचा बाजार बघायला जायचं ठरलं होतं, म्हणून शुक्रवारी ऑफिसातून आल्यावर जिना झाडायला घेतला. इथं डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. सहा वाजले होते, तिकडे साडेदहा. आईचा व्हिडिओ कॉल आला. फोन कठड्यावर ठेवून झाडत होतो.

"अरे, दिवे लागल्यावर केर काढतोस व्हय रे? लक्ष्मी जाती घरातनं."

"आई, इथं साडेचारलाच दिवे लागतात. मग थंडीचे तीन महिने कुणी केरच काढायचा नाही का?"

"ते मला माहीत नाही. पाटी बिटी त्यांची, लक्ष्मी आपली."

मी म्हटलं, उद्या संध्याकाळच्या आत झालंच पाहिजे, आजी बघतात. आईनं थोडा विचार केला. मग तोडगा काढला, जो म्हणे तिच्या सासूबाईंचा होता : "काढ. पण बाहेर टाकू नको. कोपऱ्यात सुपलीत ठेव आणि सकाळी टाक."

ठेवला. जिना लखलखीत, आणि तळमजल्याच्या कोपऱ्यात सुपलीत केराचा छोटा ढीग, वर केरविश आडवा. सकाळी पावणेसहाला घाईत निघालो आणि सुपली साफ विसरलो.

शनिवारी रात्री आठला परत आलो. आजींच्या दाराखाली उजेड होता. बहुतेक पावलांची वाटच बघत असाव्यात. दार उघडलं, सुपलीकडे बोट केलं. रागावल्या नव्हत्या, पण अडीच वर्षांत त्यांनी जे पाहिलं नव्हतं ते पाहिल्यासारखा चेहरा होता. झाडलं, पुसलं आणि केर मात्र जपून ठेवला?

मॅक्स म्युलर भवनात ग्राहक-तक्रार, डॉक्टरची भेट, हवामान हे सगळं शिकवतात. लक्ष्मी शिकवत नाहीत. मी जमेल तसं सुरू केलं : आमच्याकडे पैशांची एक देवी आहे. संध्याकाळी ती घरी येते. त्या वेळी केर बाहेर टाकला तर त्याच्याबरोबर ती पण जाते. म्हणून केर रात्रभर आत.

श्वाबिश लोकांबद्दल बाकीच्या जर्मनीत काय बोललं जातं हे इथं आल्यावर आठवड्यात कळतं. आपल्याकडे कंजुषीचे विनोद ज्यांच्यावर करतात त्या सगळ्यांची बेरीज. आजी ऐकत होत्या. मध्ये फक्त एकदा विचारलं, "पैसे जातात?"

"हो. असं म्हणतात."

"आणि सकाळी टाकला तर राहतात?"

"राहतात."

त्यांनी वाकून सुपली उचलली. मला वाटलं, आता डब्यात रिकामी करणार. त्यांनी दाराच्या काचेतून बाहेरचा अंधार बघितला आणि सुपली जपून परत कोपऱ्यात ठेवली.

"मग आत्ता नको," म्हणाल्या. "आणि उद्या रविवार, उद्या तर काम करायचंच नाही. सोमवारी टाका."