बोट ठेवून दाखवा

‘नेमके कुठे दुखते, ते एका बोटाने दाखवा,’ असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा अण्णांनी अख्खा तळवा पोटावर ठेवला. त्यात त्यांची चूक नव्हती. आपल्या भाषेत छातीखालपासून ओटीपोटापर्यंतचा सगळा मुलूख ‘पोट’ या एकाच शब्दाच्या मालकीचा आहे. जठर आणि आमाशय हे शब्द पाठ्यपुस्तकातच राहिले. शिवाय अण्णांनी दुखण्याचे नाव घरूनच ठरवून आणले होते: पित्त. आंबट पाणी घशाशी आले की आपण त्याला पित्त म्हणतो, पण डॉक्टरी भाषेतले पित्त यकृतात तयार होते आणि हा आंबटपणा जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा असतो. हा गोंधळ इतका मुरलेला आहे की, कोणाला पित्ताशयात खडे झाल्याचे कळले की शेजारी त्याला कोकम सरबत सुचवतात.

अखेर अण्णांचे बोट बेंबी आणि फासळ्या यांच्या मधोमध टेकले. गेली दोन वर्षे रात्री दोनच्या सुमारास त्यांना तिथल्या जळजळीने जाग येत असे. पोटात काही पडले की बरे वाटते, म्हणून उशाशी बिस्किटांचा डबा असे. ओवा, थंड दूध, सोडा असे सगळे करून झाले होते. आईचे निदान मात्र वेगळे आणि ठाम होते: ‘सगळं पोटात ठेवता, मग पोट बोलणारच!’ हा रोख काकांशी झालेल्या जमिनीच्या वादावर होता. सातबाऱ्यावरचा जो तुकडा अण्णांच्या वाट्याला आला, त्यातला बराचसा पोटखराबाच होता. (लागवडीला निरुपयोगी जमिनीच्या नावातही आपल्याला पोटच आठवावे, याची मला गंमत वाटते.) अण्णा सांगत की भावाचा अपराध आपण पोटात घातला आहे, आईचे म्हणणे असे, की पोटात घातला नसून नुसता ठेवला आहे. एका क्रियापदाने क्षमा आणि कुढणे यांच्यातला फरक इतका स्वच्छ दाखवणारी दुसरी भाषा मला ठाऊक नाही.

दुर्बिणीच्या तपासणीत लहान आतड्याच्या तोंडाशी व्रण दिसला. जठराच्या अस्तराचा कणभर तुकडा काढून पिवळ्या जेलवर ठेवला होता. थोड्या वेळाने तो ठिपका चक्क गुलाबी झालेला डॉक्टरांनी मला दाखवला. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू युरियापासून अमोनिया तयार करतो, त्या आवरणाच्या आधाराने आम्लात तग धरतो आणि त्याच अमोनियामुळे जेलचा रंग बदलतो. अल्सर काळजीने आणि तिखटाने होतो, असे डॉक्टरही मानत असताना ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना या जिवाणूचा संशय आला. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीमुळे संवर्धनाच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि तो प्रथमच वाढलेला दिसला. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी जिवाणूंचे द्रावण स्वतःच पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ही हकीकत मी घरी सांगितली, तेव्हा आई नाराज झाली. तिच्या बाजूनेही पुरावा आहे, हे सांगणे मला भाग होते. १८२२ साली अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने एका तरुणाच्या जठराला पडलेले भोक कायमचे उघडे राहिले. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्यातून वर्षानुवर्षे पचन पाहिले. राग किंवा भीती असताना अस्तर कधी लाल व कोरडे, तर कधी फिकट पडते, अशी त्याची नोंद १८३३ च्या पुस्तकात आहे. ‘मग मी काय वेगळं सांगत होते?’ असे म्हणून आई स्वयंपाकघरात गेली.

दोन प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारी गोळी असा चौदा दिवसांचा उपचार झाला. तोंडाची कडवट चव आणि पातळ जुलाब यांमुळे अण्णा वैतागले, पण एकही गोळी त्यांनी चुकवली नाही. काकांशी बोलणे अजून बंदच आहे. परवा आईने उशाजवळचा डबा उघडला, तेव्हा आतली बिस्किटे सादळली होती.