मिनिव्हॅन पार्किंगमध्ये उभी आहे, मग बाहेर पडायचं की नाही?

गुरुवार, रात्री बरीच उशिरा, ऑरलँडो

अजून काहीच ठरलेलं नाहीये. विषय खरं तर एवढासा, की शनिवारी एक दिवस डिस्ने वर्ल्डच्या (आम्ही त्यांच्याच हॉटेलात उतरलोय) बाहेर पडून केनेडी स्पेस सेंटरला, म्हणजे नासाच्या रॉकेट तळावर, जायचं का. काढला बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तोही पिझ्झाची कड चावता चावता अगदी सहज, "ते रॉकेटचं इथून जवळच आहे म्हणे." झालं, सूटमध्ये संसद भरली. बाबा म्हणजे ओझरच्या एचएएलमध्ये मिग विमानांवर हात काळे केलेला माणूस, इथे आल्यापासून नातवंडांच्या मागे उडत्या हत्तीच्या रांगेत मुकाट उभे राहतायत, फोटोत मिकीचे कानही घालून घेतले, आणि एवढ्या सगळ्यात त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. पण ती डिस्नेच्या बाहेरची.

नवऱ्याचं म्हणणं, एवढे डॉलर मोजून आत राहतोय ते बाहेर जायला का? लेक (सेव्हन्थ ग्रेड, म्हणजे सगळं कळतं) म्हणाली मी तर मुळीच येणार नाही, मला पूल हवाय. ती चुकीचं बोलत नाहीये म्हणा, आर्ट ऑफ ॲनिमेशन या आमच्या हॉटेलचा हा मोठा निळा पूल आहेच तसा, पाण्याखाली स्पीकर लावलेत, डोकं बुडवलं की गाणी ऐकू येतात. धाकट्याला रॉकेट पण हवं आणि पूल पण हवा. आई, म्हणजे सासूबाई, त्या वेळी काहीच बोलल्या नाहीत, फोनवर काहीतरी शोधत होत्या.

मी मघापासून विचार करतेय की हा प्रश्न एवढा जड का वाटतो. न्यू जर्सीत घरी असताना तासाभराचं ड्राइव्ह म्हणजे आम्ही किराणा आणायला पण करतो. पण इथे गेटच्या बाहेर जायचं म्हटलं की उगाच अपराधी वाटतं, जणू शाळा बुडवतोय. आणि हे आपोआप झालेलं नाही. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा भोवतीनं दुसऱ्यांची मोटेलं आणि दुकानं उगवली, ते वॉल्ट डिस्नेला फार खुपलं. म्हणून फ्लोरिडात येताना त्याने वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या काढून गुपचूप जमीन घेतली, म्हणजे भाव चढू नयेत, आणि १९६५ मध्ये पेपरात बातमी फुटेपर्यंत बरीचशी हातात आली पण होती. साधारण २७,००० एकर! नंतर काही विकली वगैरे, तरी आज जी आहे ती साधारण बोरिवलीच्या नॅशनल पार्कएवढी भरेल. म्हणजे खिडकीतून बाहेरची दुनिया दिसतच नाही, आणि जे दिसत नाही ते आठवत नाही. स्वतः वॉल्ट १९६६ मध्येच गेला, पहिलं पार्क उघडलं १९७१ ला, पण त्याचं गणित अजून चोख चालतंय.

त्यात पूर्वी एअरपोर्टहून फुकट बस होती, सामान सुद्धा परस्पर रूमवर पोचायचं. गाडीच नाही तर बाहेर जाणार कशाने? ती बस २०२२ च्या जानेवारीत बंद झाली. आमचे मित्र त्याच्या आधी येऊन गेले, त्यांच्या तोंडी हा प्रश्न कधी आलाच नाही. आम्ही सहा जण आणि बॅगा म्हणून एअरपोर्टवरच मिनिव्हॅन घेतली, आणि आता ती खाली उभी आहे, म्हणून हे सगळं रामायण.

पैशाचं म्हणाल तर ते मला पटत नाही. चार दिवसांचं तिकीट सात दिवसांच्या आत कधीही वापरता येतं, ते सलगच वापरा असं कुणी म्हटलेलं नाही. आमचा एक दिवस तसाही मोकळा होता. आणि तिकिटाचा दर बघितला तर पहिले दिवस महाग, पुढचा प्रत्येक वाढीव दिवस स्वस्त पडत जातो, म्हणून माणूस म्हणतो चला अजून एक घेऊन टाकू, आणि मग घेतलाय तर वसूल करू. हे वसूल करणं आपल्या हाडात आहे.

पण खरं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. आपल्याकडे ट्रिप म्हणजे सगळ्यांनी मिळून. बसमध्ये टूरवाला डोकी मोजतो तशी आमच्या घरातही मोजली जातात, एक डोकं कमी भरलं की ट्रिप फसली. त्यामुळे प्रश्न "बाबांना जायचंय का" असा कुणी विचारतच नाही, "आपण सगळे जायचं का" असाच विचारला जातो, आणि सहा माणसांचं एकमत व्हायचं म्हणजे... जाऊ दे. झोपते आता, सकाळी डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना अर्धा तास आधी पार्कात सोडतात, तो अर्धा तास सोन्याचा असतो.

शुक्रवार, ४ जुलै

आज मॅजिक किंगडम, आणि अमेरिकेचा वाढदिवस, म्हणजे गर्दीचं काही विचारू नका. सकाळच्या त्या अर्ध्या तासात जेवढं झालं तेवढंच काय ते झालं. दुपारी तीनच्या आसपास ढग भरून आले, गडगडायला लागलं, आणि विजा आहेत म्हणून उघड्यावरच्या राइड्स बंद. फ्लोरिडाचा उन्हाळा असाच, रोज दुपारी हजेरी लावून जातो. आम्ही एका दुकानाच्या छपराखाली शंभर लोकांबरोबर उभे, सगळ्यांच्या अंगावर तेच पातळ प्लास्टिकचे पोंचो, आणि तिथे, पावसाच्या आवाजात, आईंनी निकाल दिला.

"तुम्ही जा उद्या. मी कुठे येत नाही. उद्या मला महापूजा बघायचीय."

मला आधी लक्षातच येईना. परवा आषाढी. पंढरपूरला मुख्यमंत्र्यांची पूजा पहाटे दोन-अडीचला असते, आणि इथे आपण साडेनऊ तास मागे, म्हणजे इकडे ते आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आतबाहेर येतं. रात्री त्या फोनवर हेच शोधत होत्या! घरी असल्या की टीव्हीवर कधी चुकवत नाहीत. नवरा म्हणाला अगं आई फोनवर कुठेही दिसेल, गाडीत बघ. तर म्हणाल्या, "गाडीत कसली पूजा बघायची रे, आंघोळ करून नीट बसून बघायची असते."

आईंनी एकदा नाही म्हटल्यावर बाकीचं भराभर सुटलं. आई थांबणार म्हणजे एकट्या कशा, म्हणून नवरा थांबणार, नवरा थांबणार म्हणजे लेकीचा पूल पक्का. धाकटा माझ्याबरोबर. बाबा म्हणाले, "मग राहू दे ना, उगाच दोन तुकडे कशाला?" त्यांना म्हटलं, बाबा, सकाळी साडेसातला खाली या, बूट घालून या, चपला नकोत.

रात्री फटाके, धाकटा बापाच्या खांद्यावर. परत यायला निघालो तर रांग. हॉटेलवर पोचेपर्यंत जीव गेला.

शनिवार

गाडी मी चालवली. बाबा पुढे, वरचं हँडल धरून, आणि जीपीएस जे सांगेल ते परत मला सांगत. ५२८ नंबरचा टोल रस्ता सरळसोट पूर्वेला जातो, दोन्ही बाजूंना सपाट, दलदल, झाडं, मधेच बगळे. जवळजवळ तासभर वळणच नाही. धाकट्याने दोनदा विचारलं की इथे मिकी कुठे संपला.

आत शिरल्यावर तिथल्या बसने आधी सॅटर्न-५, म्हणजे माणसांना चंद्रावर नेणारं रॉकेट, बघायला नेतात. वाटेत ती प्रचंड पांढरी बिल्डिंग लागते जिच्यात रॉकेट उभं जोडतात, ५२५ फूट उंच, आणि रस्त्याकडेच्या चरात चक्क मगर होती. ड्रायव्हरने दाखवली तेवढ्यावर धाकट्याचे पैसे वसूल. सॅटर्न हॉलमध्ये आडवं टाकलेलं आहे, ३६३ फूट, दारातून आत गेलं की डोक्यावर पाच इंजिनांची तोंडं. पोरं त्या खालून पळत होती. बाबा पाइप कुठून कुठे गेलाय ते मान वर करून बघत होते, मी मान खाली घालायला सांगितली, स्पॉन्डिलायटिस आहे त्यांना.

पण खरी गोष्ट अटलांटिसची, म्हणजे तिथल्या स्पेस शटलची. आधी एक फिल्म दाखवतात, मग तोच पडदा पारदर्शक होतो आणि वर जातो, आणि समोर खरंखुरं यान, कलतं टांगलेलं, पाठीवरचे दरवाजे उघडे, जसं काही अजून वरच आहे. ३३ वेळा जाऊन आलेलं. २०११ च्या जुलैत शेवटचं उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी नाही वाजवल्या, ते चालत सुटले, थेट पोटाखाली.

तिथे खालून काळ्या टाइल्स दिसतात. मी समजत होते की गुळगुळीत रंगवलेलं असेल. तसं नाही, विटा विटा आहेत, कडा भाजलेल्या, काही जुन्या करड्या पडलेल्या, काही नव्या कुळकुळीत, आणि जवळून बघितलं तर अंगावर बारीक नंबर. बाबांनी धाकट्याला उचलायचा प्रयत्न केला, मी ओरडले, मग त्याला कठड्याशी उभा करून दाखवायला लागले. "हे बघ, प्रत्येकीचा आकार वेगळा. चोवीस हजारच्या वर आहेत. एक निघाली तर शेजारची बसणार नाही तिथे, त्याच नंबरची हवी." धाकटा म्हणाला, "हरवली तर?" "हरवायची नाही. रजिस्टर असतं." हे म्हणताना आवाज एकदम ऑफिसचा झाला. सुनेला सासऱ्यांचा ऑफिसचा आवाज कधी ऐकायला मिळतो? लग्न झाल्यापासून मी त्यांना भाजी निवडताना, पेपर वाचताना, बँकेच्या रांगेत बघितलंय, शॉप फ्लोअरवर कधीच नाही.

खालच्या बाजूला एक शांत जागा आहे, चॅलेंजर आणि कोलंबिया या दोन शटलच्या अपघातांत गेलेल्या चौदा जणांसाठी. प्रत्येकाच्या नावाने एक काचेचा कोनाडा, त्यात त्यांच्या वस्तू. कल्पना चावलाचा पण आहे. पुढे चॅलेंजरचा एक पत्रा, त्यावर झेंडा, आणि कोलंबियाच्या खिडक्यांच्या चौकटी. बाबांना तो दिवस पाठ होता, १ फेब्रुवारी २००३, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, क्वार्टरमध्ये टीव्ही लागलेला. धाकट्याने विचारलं काय झालं होतं, तर त्यांनी न चुकवता सांगितलं. उडताना टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला लागला, तिथे भोक पडलं, आणि परत येताना गरम हवा त्यातून आत शिरली. "मग वर असताना का नाही बघितलं?" "काही इंजिनिअर म्हणत होते फोटो काढून बघू. वरच्यांनी मनावर घेतलं नाही." आणि मग मला म्हणाले, "हे सगळीकडे असतं गं." एवढंच.

तिथून त्यांना हलवायला मला पाऊण तास लागला.

कुणी विचारलं तर मी म्हणेन, बाहेर पडा, पण एकाच गोष्टीसाठी पडा, आणि ज्याला जायचंय त्यालाच घेऊन जा. बाहेर म्हणून आउटलेट मॉल, मग देशी बफे, मग अजून काहीतरी, असा दिवस काढायचा असेल तर आतच बरे. आणि खूप लहान पोरं असतील, अगदी झोळीतली, तर तासभर जाऊन तासभर यायच्या भानगडीत पडू नका, पूल झिंदाबाद.

येताना पावसाने गाठलं, समोरचं दिसेना, सगळे ब्लिंकर लावून रांगत होते. पाचला पोचलो तर पूजा चालूच होती. टीव्हीला लावायचं जमलं नाही म्हणून आयपॅड मायक्रोवेव्हला टेकून उभा, आई सुती साडी नेसून समोर खुर्चीत, आणि शेजारी लेक, ओले केस, अंगावर टॉवेल, आजीला विचारतेय की हे वारकरी जोडपं मुख्यमंत्र्यांच्या शेजारी कसं काय. आई सांगत होत्या, दर्शनाच्या रांगेतून निवडतात, मान असतो त्यांचा. लेकीचा पुढचा प्रश्न, "रांग किती तासांची असते?" आईंनी सांगितल्यावर म्हणाली, "आणि लाइटनिंग लेन नाही?" (डिस्नेत जास्तीचे पैसे भरून छोट्या रांगेतून आत जाता येतं, ती.)

रविवार

एकादशी. या सूटमध्ये मायक्रोवेव्ह आहे म्हणून निभावलं. साबुदाणा रात्रीच भिजवला होता, कूट आणि जिरं घरून आणलेलं, काचेच्या बोलमध्ये तूप घालून दोन-दोन मिनिटं फिरवायची, मधे काढून हलवायची, झाली खिचडी. बटाटा मात्र कच्चट राहिला. आई म्हणाल्या चांगली झालीय, म्हणजे ठीक झाली असावी.

आज परत सगळे मिळून मॅजिक किंगडम. बाबा पुन्हा रांगेत, फक्त आता राइडच्या चाकांकडे बघत असतात. दुपारी उपासाला काय, हा यक्षप्रश्न. फ्राइज चालतील का, तेल कुठलं, त्यात आधी काय तळलं असेल, यावर आई आणि नवऱ्याचं वाजलं. मग लेकीने अननसाचं डोल व्हिप (मऊ आइस्क्रीमसारखं असतं) आणून आजीच्या हातात दिलं. धाकटा फोनवर त्यात काय काय असतं ते वाचून दाखवायला लागला, साखर, मग कसलंसं स्टॅबिलायझर. आईंनी पहिला चमचा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि म्हणाल्या, "अननस म्हणालास ना? मग पुढचं वाचू नकोस."