एस्टीमचं फ्लायव्हील हलकं केलं, तेव्हा

बाबांची २००३ सालची मारुती एस्टीम. पंधरा वर्षांनी आरटीओत पुन्हा नोंदणी झाली, पुढच्या पाच वर्षांनी आणखी एकदा. दोन्ही वेळा घरात गाडी विकायचा विषय निघाला आणि दोन्ही वेळा मी आडवा पडलो. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, ८५ हॉर्सपॉवर. आज हे आकडे कुणाला मोठे वाटणार नाहीत, पण गाडीचं वजन ९०० किलोच्या आसपास आहे, आणि ४००० आरपीएमच्या (मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या) पुढे हे इंजिन जसं खुलतं तसं खुलणारी इंजिनं मला फार भेटलेली नाहीत.

कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचा आंबा घाट चढताना क्लच घसरायला लागला तिथून हे सगळं सुरू झालं. ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम चढायचा, गाडी मात्र तिथंच. गॅरेजवाल्या मामांनी एक फेरी मारली आणि क्लच प्लेट संपली म्हणून सांगितलं. एस्टीममध्ये क्लचपर्यंत पोचायचं तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. बॅटरी, तिचा ट्रे, क्लच केबल, स्पीडोमीटरची केबल, स्टार्टर, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, मग माउंटिंग. दिवसाचं काम. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला (क्रँकला) बोल्टांनी जोडलेलं जड चाक, क्लचच्या मागेच असतं. कित्येक वर्षं मनात होतं, गिअरबॉक्स खाली आलाच तर ते हलकं करून घ्यायचं, इंजिन चटकन वर-खाली फिरावं म्हणून. मामांना म्हटलं, चार दिवस द्या.

गाडीचं मूळ फ्लायव्हील मात्र मी लेथवर चढवू दिलं नाही. हे प्रत्येकाला कळकळीने सांगेन. मूळ नग पुसून, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवा आणि काम दुसऱ्या नगावर करा. नाही आवडलं तर परत फिरायला वाट राहते. जुन्या स्पेअरच्या बाजारात मिळालेलं पहिलं फ्लायव्हील वरून चकचकीत होतं. भेगा शोधायला डाय पेनेट्रंटचा लाल रंग फवारून, पुसून, त्यावर पांढरा डेव्हलपर मारला, तर क्लच बसतो त्या तोंडावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेघा उमटल्या. क्लच घसरवून घसरवून तापल्याच्या भेगा. ते परत केलं. दुसरं निघालं ते चांगलं. रिंग गिअरचे (स्टार्टर ज्याला फिरवतो त्या कड्याचे) दात शाबूत, क्लच नेमका बसवणाऱ्या डॉवेल पिन जागेवर. काट्यावर साडेसहा किलोच्या किंचित वर भरलं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक लेथवाले आहेत, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. उभं आयुष्य बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) जॉबवर गेलंय. मी फ्लायव्हील त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि अडीच किलो काढायचं म्हणून सांगितलं.

तात्यांनी ते उचललं, उलटं केलं, मागची बाजू अंगठ्याने चाचपली. म्हणाले, "अडीच? आणि मग उरलं काय?"

"तात्या, बाहेर लोक निम्मं करून घेतात."

"ते स्टीलचं असतंय. हे बीड हाय. बीड दाबाला दम धरतंय, ताणाला न्हाई."

आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. फ्लायव्हील फिरतं तेव्हा त्याचा प्रत्येक कण बाहेर सुटायला बघतो आणि धातू त्याला ताणून धरतो. हा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. ६५०० आरपीएमला साडेबारा सेंटिमीटर त्रिज्येच्या कडेचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. अशा वेळी बिडाचं चाक फुटलं तर त्याचे तुकडे बेल हाउसिंग (फ्लायव्हील आणि क्लचभोवतीचं कवच) फोडून गाडीत येऊ शकतात. म्हणून आरपार भोकं पाडायची नाहीत, क्रँकच्या बोल्टांभोवतीच्या भागाला हात लावायचा नाही आणि क्लचच्या तोंडामागची जाडी खायची नाही. ती जाडी उष्णता पिण्यासाठी लागते.

मग काढायचं कुठून? कडेकडून. फिरवायला लागणारा जोर वजनाइतकाच ते वजन केंद्रापासून किती लांब आहे यावर ठरतो, आणि तोही अंतराच्या वर्गाने. कडेचा एक किलो काढल्याने जे होतं, ते निम्म्या अंतरावर करायचं तर चार किलो काढावे लागतील. म्हणजे माझी अडीच किलोंची हाव अनाठायी होती. तात्या म्हणाले, मागच्या बाजूने, कडेलगत, कोपऱ्यात गोलाई ठेवून सव्वा-दीड किलो काढू. गोलाई महत्त्वाची. टोकदार कोपरा ठेवला की भेग तिथूनच निघते.

त्या रात्री वहीत हिशेब मांडला. सरासरी साडेदहा सेंटिमीटरवरून १.४ किलो गेले, पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर १३ च्या आसपास (गाडीचं चाक एकदा फिरायला इंजिनाच्या १३ फेऱ्या), गाडीच्या चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर. पहिल्या गिअरमध्ये गाडी वेग घेताना साधारण ३३ किलोंनी हलकी झाल्यासारखी वागणार, पाचव्यात जेमतेम दोन किलोंनी. इंजिनाची ताकद एका घोड्यानेही वाढणार नाही. हायवेवर एका वेगात चालताना काहीच जाणवणार नाही. जो फरक पडेल तो खालच्या गिअरमध्ये आणि गिअर बदलताना. मला हवं होतं तेही तेवढंच.

दुसऱ्या दिवशी जॉब चकवर चढला. तात्यांनी आधी डायल गेज लावून तो खरा फिरतोय ना हे बघण्यात अर्धा तास घालवला, मग बारीक बारीक कट घेतले. बिडाचा कीस लांब सुटत नाही, काळ्या भुशासारखा पडतो, आणि संध्याकाळपर्यंत माझे हात, नाक, शर्ट सगळं काळं झालं होतं. शेवटी क्लचच्या तोंडावरून नावापुरता हात फिरवला. काट्यावर पाच किलो आणि थोडं वर.

यानंतरची पायरी गाळणारे पुष्कळ आहेत. बॅलन्सिंग. लेथवर कितीही खरं केलं तरी ओतीव धातूत एक बाजू जड राहतेच. दहा सेंटिमीटरवर दहा ग्रॅमचा फरक म्हणजे ६००० आरपीएमला चाळीस किलोंचा दणका, क्रँकच्या बेअरिंगवर, सेकंदाला शंभर वेळा. आधी नुसतं फ्लायव्हील मशीनवर लावलं, जड बाजूला उथळ खळगे मारून ते जुळवलं, मग नवी प्रेशर प्लेट (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरते ती) बांधून पुन्हा. दोघांवर मिळून एक खूण केली, जोडताना ती तशीच जुळावी म्हणून. याला लेथच्या कामापेक्षा जास्त पैसे पडले. ते द्यावेतच.

बसवताना मागचं ऑइल सील नवीन टाकलं. इथवर आल्यावर तिथं पैसे वाचवणं मला पटत नाही, कारण सील गळलं की नवी क्लच प्लेट तेलात भिजते. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे, थ्रेड लॉकर लावून, आडव्या-उभ्या क्रमाने, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच टॉर्क. तोंड थिनरने पुसून घेतलं आणि नंतर कुणाला बोट लावू दिलं नाही.

आणि तरीही अडलं. गिअरबॉक्स वर चढवला तर शेवटचा एक सेंटिमीटर जाईना. गॅरेजातला पोरगा म्हणाला, दोन बोल्ट घालून आवळत नेऊ, बसेल आपोआप. मामांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला. बोल्टांनी ओढलं तर गिअरबॉक्सचं सगळं वजन इनपुट शाफ्टवरून (क्लच प्लेटमध्ये शिरणाऱ्या त्याच्या दांड्यावरून) क्लच प्लेटच्या मध्यावर येतं आणि ती वाकते, नाहीतर बेल हाउसिंगचा कान तुटतो. सगळं पुन्हा खाली. प्लेट मध्यापासून किंचित सरकली होती. आधी सेंटर अंदाजाने धरलं होतं. आता मामांनी कपाटातून जुना इनपुट शाफ्ट काढला, त्याच्या आधाराने प्लेट मध्यावर आणली, प्रेशर प्लेट थोडी थोडी फिरत्या क्रमाने आवळली. या वेळी गिअरबॉक्स हाताने ढकलला आणि खट्ट करून बसला. रात्रीचे साडेनऊ झाले होते.

चावी फिरवली. आयडलला आधीपेक्षा किंचित थरथर. एसी लावला की आरपीएमची सुई खाली डुचकळायची, मग सावरायची. थ्रॉटल बॉडी आणि आयडल एअरचा व्हॉल्व्ह साफ केल्यावर ते बरंच कमी झालं, पूर्ण गेलं नाही. न्यूट्रलमध्ये क्लच सोडला की गिअरबॉक्समधून हलकी खडखड येते, आधी नव्हती. जड फ्लायव्हील इंजिनाचे झटके गिळून टाकत असे. ज्यांना रोज शहरातल्या गर्दीत, एसी लावून, चढावरच्या सिग्नलला थांबायचंय त्यांनी हे काम करू नये असंच माझं मत आहे. डिझेलवाल्यांनी तर नादीच लागू नये, त्या झटक्यांना ते वजन हवंच असतं.

नव्या प्लेटचं तोंड बसेपर्यंत पाचशे किलोमीटर सांभाळून चालवली. मग एका रविवारी पहाटे बाबांना शेजारी बसवलं आणि मलकापूरमार्गे आंबा गाठला. घाट उतरताना तिसऱ्यातून दुसऱ्यात घेताना क्लच दाबून ॲक्सिलरेटरला नुसता धक्का दिला, सुई तात्काळ वर, क्लच सोडला, गाडीला हिसका नाही. पूर्वी याच जागी नाक खाली दाबलं जायचं. वरचा गिअर टाकताना हाताला घाई करायला लागते, कारण आरपीएम चटकन पडतो. रेंगाळलात तर पुढच्या गिअरला गाडी अडखळते. हाताला ती लय सापडायला मला दोन-तीन वळणं लागली.

साखरप्याला चहा झाला. बाबा सगळी वाट काही बोलले नव्हते. उठताना त्यांनी चावीसाठी हात पुढे केला. पहिल्यांदा निघताना गाडी बंद पडली. वीस वर्षांच्या सवयीने त्यांनी ॲक्सिलरेटर न देताच क्लच सोडला होता. मी काही सांगायच्या आत त्यांनी पुन्हा स्टार्ट मारली, या वेळी थोडा ॲक्सिलरेटर दिला आणि निघाले. घाटाच्या तिसऱ्या वळणावर त्यांनी दुसरा गिअर टाकला, खिडकीची काच खाली केली आणि इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. मलकापूर येईपर्यंत त्यांनी चावी परत दिली नाही.