आमची वाटचाल : सही करणारीनं स्वतः यायचं

इचलकरंजीत हिशोबाचं ऑफिस काढते म्हणलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, मिस्टर काय करतात? मी बीकॉम, जीडीसी अँड ए (सहकार आणि हिशोबाचा सरकारी डिप्लोमा) पास, एका सीएंकडं कामाला होते, आर्टिकलची, म्हणजे सीए व्हायच्या आधी ट्रेनिंग करणारी पोरं यायची, शिकायची, सीए होऊन जायची, आणि त्यांनी अर्धवट टाकलेले बँकेचे सीएमए (लोनसाठी लागणारे हिशोबाचे तक्ते) रात्री बसून मी पूर्ण करायची. बँकेत फाईल घेऊन जाणार साहेब. तिथंच ठरवलं की फाईल मी बनवली तर मॅनेजरसमोर पण मीच बसणार.

ऑफिस म्हणजे एका सायझिंगच्या, सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या वरची खोली. त्याच सीएंकडचा एक मुलगा पार्टनर म्हणून आला, माझ्यापेक्षा लहान, ताई ताई करायचा. टॅली, टीव्हीएसचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर (त्याचा आवाज खालच्या मशीनच्या वर जायचा) आणि माझा कॅसिओचा चेक बटणवाला कॅल्क्युलेटर. तो अजून आहे, बटणांवरचे आकडे पुसलेत पण बोटांना माहितीय. आजची मुलं हसतात, पण शंभर बिलांची बेरीज एक्सेलमध्ये टाकेपर्यंत माझी दोनदा मारून होते आणि चेक दाबलं की चूक कुठल्या बिलात तेही दिसतं.

बँकेत सुरुवातीला मला बाहेरच्या बाकावर बसवायचे. एका मॅनेजरनं आठ लाखाच्या लोनला घर तारण मागितलं, मी रिझर्व्ह बँकेचं सर्क्युलर पुढं ठेवलं, सूक्ष्म-लघु उद्योगाला दहा लाखापर्यंत तारण मागायचं नाही, 2010 पासूनचं होतं. ते म्हणाले मॅडम नियम आम्हाला शिकवू नका. लोन झालं, तारण न देता झालं. पुढची वर्षं बरी गेली.

मग 1 जुलै 2017. कापडाला तोवर व्हॅट नव्हता, आता 5 टक्के जीएसटी, म्हणजे ज्यांनी आयुष्यात रिटर्न बघितलं नाही असे यंत्रमागवाले एकदम दारात. दिवसरात्र रजिस्ट्रेशनं चालली होती. पार्टनरला बजावून सांगितलं होतं, पोर्टलवर मोबाईल आणि ईमेल प्रोप्रायटरचाच, म्हणजे फर्म ज्याच्या नावावर त्याचाच टाक. त्यानं सगळीकडं स्वतःचा टाकला. 2018 च्या मार्च एंडला, म्हणजे ज्या महिन्यात आम्ही घरी जेवायलाही जात नाही त्या महिन्यात, पार्टनरसाहेब वेगळे झाले, प्रिंटरसकट! ओटीपी त्याच्या फोनवर, पासवर्ड त्याच्याकडं, आणि थ्रीबी (जीएसटीचं रिटर्न) लेट झालं की रोज 50 रुपये लेट फी. पार्टी विचारणार, ताई आमचं रिटर्न कुठंय, आणि मी काय दाखवणार? निम्म्याहून जास्त फायली त्याच्याकडं गेल्या आणि गावात सांगितलं काय, तर बाईला जीएसटी झेपला नाही. खोलीचं भाडं थकलं, मुलीला, म्हणजे हाताखालच्या, तिला दोन महिने अर्धा पगार दिला, ती गेली नाही हे इथं लिहिलंच पाहिजे.

आमची एक पार्टी, आप्पा, मात्र हलले नाहीत. त्यांच्या दोन फर्म, एक स्वतःच्या नावावर आणि एक काकूंच्या, टर्नओव्हर वाटला जावा म्हणून, जसं सगळे करतात. मोबाईल-ईमेल बदलायचा तर जीएसटी ऑफिसात अर्ज, आधार, पॅन, फर्मचा पुरावा आणि प्रोप्रायटर समोर हजर. आप्पा म्हणाले मी येतो की. तिथले साहेब म्हणाले प्रोप्रायटर तुम्ही नाही. मग काकू आल्या, नऊवारीत, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या फर्मच्या कामाला. नंबर बदलला, लॉगिन झालं, मी टू-ए (पोर्टलवर दिसणारी आपल्या खरेदीच्या बिलांची यादी) उघडून त्यांना एकेक नाव वाचून दाखवत होते, कुणाकडून सूत, कुणाकडून सुटे भाग, तर मध्येच म्हणाल्या, थांब, ह्याच्याकडनं आम्ही कधी सूत घेतलं? घेतलंच नव्हतं. पार्टनरनं बिलावर बिलं लावून क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) घेतलेलं, सूत कधी आलंच नाही. आप्पांना विचारलं, त्यांनाही पत्ता नाही. क्रेडिट रिव्हर्स केलं, म्हणजे परत भरलं, वर 18 टक्के व्याज भरलं. नोटीस आली असती तर ती काकूंच्या नावानं, पार्टनरच्या नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडं नियम, ज्या बाईच्या नावावर फर्म तिनं सहीला स्वतः यायचं. टू-ए (आता टू-बी) बघायचा, सीसीची (बँकेच्या कॅश क्रेडिटची) लिमिट आणि मागच्या महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट बघायचं, मग सही. यावर किती पुरुष माणसं चिडून गेली म्हणून सांगू! तिकडं तो जुना पार्टनर कोऱ्या फॉर्मवर सह्या घरून मागवायचा, चेकबुकसकट, दहा मिनिटात काम. त्याच्याकडं आता काचेची केबिन आहे, असू दे.

आता न विचारता सांगते. तुमच्या नावावर फर्म असेल तर आजच्या आज पोर्टलवर प्रोफाईलमध्ये जाऊन मोबाईल कुणाचा आहे बघा. कन्सल्टंटचा असेल तर बदला, माझा असेल तरी बदला. सीसीत 90 दिवसांवरची उधारी बँक सहसा ड्रॉइंग पॉवरला (किती पैसे उचलता येतील त्या हिशोबाला) धरत नाही, तेव्हा जुनी येणी स्टेटमेंटमध्ये ताजी करून दाखवू नका, ऑडिटरला कळतं. आणि फी वेळेवर द्या हो.

काकू आता दर महिन्याला येतात, चहा घेत नाहीत, बिलं घेतात. सूक्ष्म-लघु उद्योगाला फार तर 45 दिवसात पेमेंट नाही दिलं तर ते देईपर्यंत खर्च धरत नाहीत हा इन्कम टॅक्सचा नवा नियम आला, 43 बी (एच), तेव्हा एक व्यापारी म्हणाला तुमचं उद्यम (लघु उद्योगाची सरकारी नोंदणी) रद्द करा, नाहीतर माल घेणार नाही. गावात पुष्कळांना असंच सांगितलं आणि पुष्कळांनी केलंही. काकूंनी फोनवरच सांगितलं, उद्यम राहणार, कापड नको असेल तर तसं सांगा. व्यापारी दोन महिने दुसरीकडं गेला, मग आला परत. पेमेंट अजून साठ दिवसांनीच देतो, पण व्याजाचं पत्र मी तयार ठेवलंय, काकूंची सही झालीय त्यावर.