झाडाची साल सोलली गेली की पहिल्या तासात काय करायचं

आमच्याकडे एक मोसंबी होती, कलम लावून पाचवं वर्ष. त्या वर्षी तिला असा काही बहर आला की पानं दिसेनात, शेजारच्या झाडांवर त्याच्या निम्मीसुद्धा फुलं नव्हती, आणि मी खूश, यंदा खत बरोबर लागू पडलं म्हणून सगळ्यांना सांगत होते. फळं धरली पण मोठी होईनात, मग पानांच्या मधल्या शिरा पिवळ्या पडायला लागल्या, मग अख्खी पानं, आणि शेवटी बघता बघता झाड वाळलं. बुंध्याशी वाकून गवत बाजूला केलं तेव्हा कळलं. जमिनीपासून चार बोटं वर खोडाला चहूबाजूंनी साल नाही. वरच्या कडेला साल जाड ओठासारखी फुगलेली, आणि मधलं लाकूड कोरडं, राखाडी, बोटाने वाजवलं तर टकटक. ग्रासकटरची नायलॉन दोरी दर वेळी थोडी थोडी लागत गेली आणि आमच्यापैकी कोणीच वाकून बघितलं नाही.

तो बहर म्हणजे झाड संकटात असल्याची खूण होती, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

ज्यांनी कधी गुटी कलम बांधलंय, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडून नवीन रोप केलंय, त्यांना हे लगेच कळेल. गुटी करताना आपण फांदीची गोल साल काढतो, दोनेक सेंटीमीटरची, आणि मुळं फुटतात ती वरच्या कडेला. कारण पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली जातं, तो रस्ता तुटला की ते वरच अडकतं. पाणी मात्र आतल्या लाकडातून वर जातं, ते चालूच राहतं, म्हणून फांदी हिरवी राहते. खोडाला सगळीकडून साल गेली की अख्ख्या झाडाचं हेच होतं. वर अन्न साठतं म्हणून फुलं भरपूर, पानं काही महिने टवटवीत, आणि खाली मुळं उपाशी. मुळं मेली की मग वरचं झाड जातं, म्हणून जखम आणि मरण यात कधी कधी अख्खा हंगाम जातो आणि आपण कारण भलतीकडेच शोधत बसतो. द्राक्षाला मुद्दाम गर्डलिंग करतात ना, म्हणजे सालीची गोल पट्टी काढतात, मणी फुगायला, ते पण हेच, फक्त तिथे पट्टी काही मिलिमीटरचीच असते त्यामुळे काही आठवड्यांत भरून येते.

म्हणून जखम दिसली की आधी एकच बघायचं, घेराचा किती भाग गेलाय. पाव घेरापेक्षा कमी असेल तर झाड बहुतेक स्वतःच निभावून नेतं. अर्ध्याच्या पुढे गेलं तर प्रकरण गंभीर, आणि पूर्ण गोल गेली असेल तर आपण काही केलं नाही तर झाड जाणारच. नुसत्या रंगावरून अंदाज येत नसेल तर नखाने हलकंसं खरवडून बघा, खाली हिरवं ओलं लागलं तर साल जिवंत, तपकिरी कोरडं लागलं तर मेलेली. (पेरूची साल मुळातच पापुद्र्यांनी सुटते, खाली गुळगुळीत हिरवट खोड असतं, त्याला घाबरू नका.)

आता मुद्द्याचं. साल नुकतीच सोलली गेली असेल आणि तुकडा लोंबत असेल किंवा खाली पडलेला सापडला तर तो टाकून देऊ नका! साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक अगदी पातळ, बोटाला बुळबुळीत लागणारा थर असतो, नवीन साल आणि नवीन लाकूड तोच तयार करतो. गुटी करताना आपण तो खरवडून काढतो कारण ठेवला तर साल परत जुळून येते, मग इथे तर आपल्याला तेच हवंय. त्यामुळे जखमेला पुसायचं नाही, खरवडायचं नाही, ऊन लागू द्यायचं नाही. तुकडा होता तसाच, वरची बाजू वरच ठेवून, परत बसवायचा आणि ग्राफ्टिंगच्या पट्टीने नाहीतर सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट आवळायचा, मोठा तुकडा असेल तर बारीक खिळे मारले तरी चालतं. त्यावर ओलं फडकं, वरून सैल प्लास्टिक आणि सावली. एकदोन आठवड्यांनी सोडून बघायचं आणि पट्टी काढून टाकायची, विसरलात तर तीच पट्टी खोडाला काचते. साल वाळली, आतून तपकिरी झाली की मग हे जमत नाही, म्हणून पहिला तास म्हणतेय.

उशीर झाला असेल तर वाळलेली सुटी साल धारदार चाकूने, स्पिरिटने पुसून घेतलेल्या, जिवंत सालीपर्यंत नीट कापून काढायची आणि तिथेच थांबायचं. पूर्वी जखमेला होडीसारखा आकार द्या असं सांगायचे, त्यात बरीच चांगली साल विनाकारण जाते, मी देत नाही.

रंग, डांबर, शेण, माती लावायचं का, हे सगळेच विचारतात. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून बघितली आणि 1977 च्या सुमाराला मांडलं की झाड जखम आपल्यासारखी बरी करत नाही, ते खराब भागाभोवती आतून भिंत घालतं आणि बाहेरून नवीन लाकडाने झाकून टाकतं. डांबराने ही भिंत लवकर होत नाही, उलट आत ओल अडकून कुजायला मदत होते. मी डांबर कधीच लावत नाही. बोर्डो पेस्टचं, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या लेपाचं वेगळं, ती बुरशीसाठी आहे, आणि लिंबू-मोसंबीवर्गीय झाडांना बुंध्याशी डिंक्या (डिंक गळण्याचा रोग) होतो तिथे पावसाच्या दिवसांत तिचा खरंच उपयोग होतो. मोरचूद 100 ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात, चुना 100 ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात, वेगवेगळं भिजवायचं आणि मग एकत्र करायचं, भांडं प्लास्टिकचं, लोखंडी अजिबात नको. स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून बघा, त्यावर तांब्याचा लालसर थर चढला तर चुना कमी पडलाय. त्याच दिवशी वापरून टाका. पण ताज्या ओल्या जखमेवर, जिथे साल परत बसवायची आहे तिथे मी ती लावत नाही.

पूर्ण गोल साल गेली असेल तर पूल बांधावा लागतो, म्हणजे त्याच जातीच्या पेन्सिलएवढ्या जाड काड्या घ्यायच्या, दोन्ही टोकांना तासायच्या आणि जखमेच्या खालच्या आणि वरच्या जिवंत सालीत खोचायच्या, दर पाच-सात सेंटीमीटरवर एक. काडी जखमेपेक्षा थोडी लांब घ्या म्हणजे जराशी कमानीसारखी राहते आणि झाड वाऱ्याने हललं तरी निसटत नाही, आणि काडीचं शेंड्याकडचं टोक वरच हवं, उलटी लावली तर सगळी मेहनत फुकट. साल सहज सुटते त्या दिवसांतच हे करायचं, जोडावर मेण, आणि काडीवरचे डोळे फुटले तर चोळून टाकायचे. जखमेच्या खालून खुंटाचा (कलम ज्यावर बांधलेलं असतं त्या मुळाकडच्या भागाचा) फुटवा आला असेल तर त्याचंही टोक वर सालीत खोचता येतं, म्हणून अशा झाडाचा खालचा फुटवा घाईने काढू नका. आमच्या त्या मोसंबीला असे दोन फुटवे आले होते. मीच ते तोडले होते.

हे सगळं टाळता येतं ते मात्र फार सोपं आहे. बुंध्याभोवती हातभर जागा गवत न ठेवता मोकळी, तिथे मशीन न्यायचंच नाही, हाताने खुरपायचं. आच्छादन घाला पण खोडापासून वीतभर लांब, नाहीतर ओल धरते आणि उंदरांना आडोसा मिळतो. उंदीर, ससे असतील तर बारीक जाळी गोल लावायची, दोन इंच मातीत पुरून, खोडाला टेकू न देता. आधाराची काठी, नावाच्या पाटीची तार, झोक्याचा दोर, हे दर सहा महिन्यांनी सोडून बघायचं. मोठी फांदी कापताना आधी खालून थोडं कापून घ्यायचं, नाहीतर ती मोडताना खोडाची साल ओढत खाली येते. जास्त छाटणी केली की सावलीतलं खोड एकदम उन्हात येतं आणि भाजून तडकतं, थंड प्रदेशात तर दिवसाचं ऊन आणि रात्रीचं गोठणं यानेच साल फाटते, दोन्हीला चुन्याचा पांढरा हात पुरतो. आणि सालीवर भुशाची जाळी दिसली तर साल खाणारी अळी आहे, जाळी झाडून खालचं भोक शोधायचं आणि तार घालायची.

दुसऱ्या एका मोसंबीला गेल्या वर्षी तशीच दोरी लागली, तिसरा हिस्सा घेर गेला, पण या वेळी त्याच दुपारी दिसलं. तुकडा बसवला, बांधला. वरचा अर्धा चिकटला, खालचा वाळला. त्या वाळलेल्या भागाच्या दोन्ही कडांनी आता गुळगुळीत फिकट वळ्या आत सरकतायत, महिन्यापूर्वी मधे तीन बोटं मावत होती, काल दोनच मावली.